लंगराची गाठ

मनकर्णाबाईच्या हातची गाठ सुटत नाही, असं पूर्णेकाठच्या त्या भोईवाड्यात म्हटलं जायचं, आणि तिलाही ते ऐकायला आवडायचं. जाळं उसवलं, खाट ढिली झाली, बकरीनं दावं तोडलं, की बाया तिच्याकडे यायच्या. ती तोंडानं दोन शब्द सुनवायची आणि हातानं काम करून द्यायची. तिचं माहेर वर्धा नदीच्या काठचं, त्यामुळे पाण्याशी आणि दोराशी ओळख अगदी परकराच्या वयापासूनची. लग्न होऊन ती दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात आली. इथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही; तेवढं सोडलं तर सासरचं तिला काही खटकलं नाही. नवरा देवमन शांत माणूस होता. तो मासे धरायचा, ती पाटी डोक्यावर घेऊन बाजारात विकायची आणि दोघांच्या वाटचं एकटीच बोलायची.

वाड्यात एक रीत होती. खंडेनवमीला शेतकरी आपली अवजारं पुजतो, तसा भोई आपला लंगर पुजतो. लंगर म्हणजे चार नखांचा लोखंडी आकडा. तो नदीच्या तळाशी रुतला की वर डोंगा, म्हणजे लाकडी होडी, एका जागी उभा राहतो आणि माणसाला निवांत जाळं टाकता येतं. त्या दिवशी लंगर धुवायचा, हळदकुंकू वाहायचं, वरच्या कडीत नवा दोर ओवायचा आणि गाठ मारायची ती घरच्या सवाष्णीनं. एकदा तिची गाठ बसली की वर्षभर त्या दोराला विळा लावायचा नाही. लावला तर तिच्या कुंकवाला धक्का. ही रीत कुणी घातली कोण जाणे. ज्यानं घातली त्याचा स्वतःचा लंगर कधी अडकला नसावा. मनकर्णा दरवर्षी दातओठ खाऊन गाठ मारायची आणि बाकीच्या बाया माना डोलवायच्या.

मुलगा नितेश सातवीत होता त्या वर्षी देवमनचा लंगर जुन्या पुलाच्या डोहात अडकला. तो पूल कधीच्या काळी पुरात पडलेला. त्याचे दगड आणि वाकडे गज अजून तळाशी आहेत. आभाळ कोरडं होतं. पण पूर्णेला पाणी मेळघाटाच्या डोंगरातून येतं. तिकडे चिखलदऱ्याला झोडपलं की इकडे भर उन्हात पूर येतो. पाणी चढत गेलं, दोर ताठ झाला आणि डोंग्याचं तोंड खाली ओढलं जाऊ लागलं. काठावरची माणसं ओरडत होती, दोर काप म्हणून. देवमननं विळा हातात घेतला आणि परत ठेवून दिला, हे दोघातिघांनी डोळ्यांनी पाहिलं. मग तो एका अंगाला वाकून दोर ओढू लागला. डोंगा कलंडला, पाणी आत शिरलं आणि पुढे काही करायचं राहिलं नाही. मनकर्णा तेव्हा बाजारात उरलेल्या माशांवर पाणी शिंपडत बसली होती.

देवमन दोन कोस खाली सापडला. डोंगा मात्र डोहातच होता, कारण लंगरानं त्याला धरून ठेवलं होतं. पाणी उतरल्यावर माणसांनी सगळं बाहेर काढलं. दोर शाबूत होता आणि मनकर्णानं मारलेली गाठ जशीच्या तशी होती.

तेरवीला तिचा मामेभाऊ रामराव वर्धेकाठून आला. त्यानं अंगणात पडलेला लंगर उलटासुलटा करून पाहिला. आमच्याकडे असं बांधत नाहीत, तो म्हणाला. दोर बांधायचा तो खाली, जिथे चारी नखं एकत्र येतात तिथे. मग तो दांड्यावरून वर आणायचा आणि वरच्या कडीला नुसत्या सुतळीनं अडकवून ठेवायचा. रोजच्या कामाला सुतळी पुरते. लंगर दगडात अडकला आणि वरून जोरात ओढलं, की सुतळी तुटते, ओढ नखांच्या बुडाला बसते, लंगर उलटा होतो आणि ज्या वाटेनं घुसला त्याच वाटेनं बाहेर येतो. रामरावानं हे हळू आवाजात सांगितलं, कारण आता सांगून उपयोग नव्हता. मनकर्णाला नवऱ्याचा राग आला, रीतीचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या हातांचा आला.

तिनं पोराला वाढवलं. नदीवर जाऊ द्यायचं नाही असं तिच्या मनात पक्कं होतं, म्हणून दहावीनंतर त्याला अकोल्याच्या एका डाळमिलमध्ये चिकटवलं. तिथली धूळ त्याच्या छातीला मानवली नाही आणि तो परत आला. नदीवर जाईन म्हणाला. तिनं दोन दिवस अबोला धरला, मग डोंग्यापाशी नेऊन त्याला एकेक गोष्ट घोकायला लावली. दोर डोंग्याच्या तोंडालाच बांधायचा, बाजूला कधीच नाही. दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही. लंगर अडकला तर आधी ढील द्यायची, डोंगा प्रवाहाच्या उलट, लंगराच्या वरच्या अंगाला नेता आला तर न्यायचा, आणि मगच ओढायचं. कडीला सुतळी, तिचा एकच वेढा. आणि एवढं करून नाही निघाला तर विळा. पुढच्या काही वर्षांत सुतळी कितीदा तरी तुटली. तुटली की तो घरी येऊन तुकडा दाखवायचा आणि ती त्याला चहा करून द्यायची.

मग घरात सून आली. हर्षा, भातकुलीची. घराणं भोयाचंच, पण तिच्या बापानं नदी कधीच सोडली होती, गवंड्याच्या हाताखाली जायचा. पोर गुणी होती, सासूच्या तोंडाला घाबरत नव्हती, म्हणून सासूला आवडायची. लग्नानंतरची पहिली खंडेनवमी आली तेव्हा मनकर्णानं तिला आदल्या दिवशी सांगून ठेवलं, की कडीला सुतळीचा एकच वेढा दे. का, ते मात्र सांगितलं नाही. ते सांगायचं तर देवमनचं सगळं काढावं लागलं असतं, आणि नव्या नवरीपुढे सणाच्या तोंडावर ते काढायला तिची जीभ रेटली नाही.

पूजेच्या वेळी मनकर्णा चुलीपाशी बसून राहिली. विधवेनं लंगरासमोर यायचं नाही. एरवी या बाईनं सरपंचापासून रेशनवाल्यापर्यंत कुणाला सोडलं नव्हतं. त्या दिवशी मात्र गप्प बसली. आपली सावली पोरांच्या संसारावर नको, असं तिला खरंच वाटलं. बाहेर बायांचा घोळका होता. शेजारची म्हातारी गंगूबाई म्हणाली, तुया सासूची गाठ पाहावी अशी होती, तुयी पाहू दे. हर्षानं कडीजवळच्या सुतळीकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या कामाला ती तिला फारच बारीक वाटली. तिनं जाळ्याची नायलॉनची दोरी मागून घेतली, नवऱ्याचं नाव मनात घेत सात वेढे दिले आणि वर गाठ मारली. नितेशनं ते पाहिलं. पण नव्या बायकोला चारचौघींत कसं टोकायचं, म्हणून तो हसला आणि लंगर उचलून घेऊन गेला.

दिवाळीच्या आधी परतीचा पाऊस डोंगरात कोसळला. इकडे उन्ह होतं. सासूसुना पाट्या घेऊन काठावर बसल्या होत्या आणि नितेश डोहाच्या कडेला वाम मासे धरत होता. पाण्याचा रंग बदलला, काटक्या आणि फेस वाहत येऊ लागला, तशी मनकर्णा उठून उभी राहिली. नितेशनंही पाहिलं होतं. त्यानं जाळं आवरलं आणि लंगर ओढला. लंगर आला नाही.

त्यानं होता नव्हता तेवढा दोर सोडला. वल्ह्यानं डोंगा वरच्या अंगाला नेऊ पाहिला, पण प्रवाह त्याला जाऊ देईना. मग तोंडाशी बसून त्यानं हिसका दिला. पुन्हा दिला. मनकर्णा काठावरून पाहत होती. सुतळी आता तुटेल, आता तुटेल, असं ती पुटपुटत होती. पाणी चढत होतं आणि डोंग्याचं तोंड टीचटीच खाली जात होतं.

शेजारी हर्षाचा चेहरा पांढरा पडला होता.

"आत्याबाई, थे सुतळी नाही. म्या नायलॉन बांधलं. सात वेढे देल्ले."

मनकर्णा तिच्यावर ओरडली नाही, तेवढा वेळच नव्हता. तिनं दोन्ही हात तोंडाशी धरून पोराला हाक दिली, दोर काप, ओढू नको. नितेशनं ऐकलं. विळा काढला. आणि काठाकडे पाहिलं. आईकडे नाही, बायकोकडे पाहिलं. मनकर्णानं ती नजर पाहिली. देवमननं विळा का ठेवून दिला हे इतकी वर्षं ती मनात हजार तऱ्हांनी घोळवत होती, ते तिला त्या क्षणी समोर दिसलं. त्याला मरणाची भीती नव्हती असं नाही. त्याला तिच्या कुंकवाची भीती होती.

तिनं हर्षाचं मनगट धरलं.

"माह्यं नाही ऐकत थ्यो. तू बांधलं, तूच सांग."

हर्षानं नकारार्थी मान हलवली. दोर कापायचा नसतो, हे तिला बायांनी पढवलेलं होतं.

"कुंकू त्या दोरात नाही, पोरी. थे पाह्य, थे तिथं डोंग्यात बसलं हाये."

मग हर्षा ओरडली. कापा, अवो कापा, मी म्हनतो कापा, असं ती ओरडतच राहिली, तो कापून मोकळा झाल्यावरही. नितेश तोंडाशीच मधोमध खाली बसला, पाय वेटोळ्याबाहेर घेतले आणि अंग मागे ठेवून दोराला विळा लावला. ताणलेला दोर फटकन तुटला, डोंगा उसळून गर्रकन फिरला आणि खाली वाहत गेला. बांबू रोवत रोवत तो पुढच्या वळणावर काठाला लागला. दोघी काटेरी बांधावरून धावत तिथं पोचल्या तेव्हा तो चिखलात बसून ओकत होता. मनकर्णानं त्याची पाठ चोळली आणि त्याला शिव्या दिल्या.

वाड्यात बोलणं झालंच. पहिल्याच वर्षी दोर तोडला, आता कसं व्हायचं, असं गंगूबाई पाच घरी सांगून आली. सहाव्या घरी मनकर्णा तिच्या आधीच जाऊन बसली होती. काय बोलली ते गंगूबाईनं कुणाला सांगितलं नाही, पण पुन्हा तो विषय काढला नाही.

संध्याकाळी सासूसुना ओट्यावर मासे निवडत होत्या. मनकर्णानं तेव्हा सगळं सांगितलं. जे खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सांगायला हवं होतं ते. हर्षा ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, की त्या दिवशी तुम्ही काठावर असता आणि सासऱ्यांनी तुमच्याकडे पाहिलं असतं, तर तुम्हीही कापा म्हटलं असतं ना?

पोरीला हो ऐकायचं होतं. हो म्हणणं सोपं होतं, आणि या बाईनं आयुष्यात सोप्या जागी कधी तोंड आवरलं नव्हतं. तिनं हातातला मासा पाटीत टाकला.

"नाही वो माय," ती म्हणाली. "तवा मी ओढा म्हटलं असतं."