दप्तर कुणाचं उघडायचं

माझी मावशी सुहासिनी दाणी रेल्वेतून निवृत्त झाली तेव्हा साठ वर्षांची होती. जबलपूरच्या रेल्वे ऑफिसात आस्थापना विभागात तिची छत्तीस वर्षं गेली. कोण कामावर आलं, कोण रजेवर गेलं, कुणाच्या सेवापुस्तकात काय शेरा पडला, हे सगळं तिच्या हातून जायचं. निरोपसमारंभात शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि प्रत्येकाने तिला आता आराम करायला सांगितलं. तिने आठ दिवस आराम केला. नवव्या दिवशी ती विद्यापीठाच्या खिडकीशी उभी राहून इतिहासाच्या एमएचा फॉर्म मागत होती.

आतल्या बाबूने विचारलं, "किसका एडमिशन है, माताजी? बिटिया का?"

"मेरा," मावशी म्हणाली. "और माताजी मत कहिए, भैया. अभी तो मैं फर्स्ट इयर में हूँ."

घरी रत्नाकरकाकांना हे संध्याकाळच्या चहाबरोबर कळलं. काका तोफगाडी कारखान्यातून निवृत्त झालेले, मितभाषी माणूस. त्यांनी बशी खाली ठेवली. "आता हे काहून करून राहिली तू? बीए झालं तेव्हाच करायचं होतं ना."

"तेव्हा तुमच्याशी लग्न करायचं होतं. ते झालं. आता हे."

इतिहासच का, असं मीही तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "आपल्या घरात लहानपणापासून ऐकत आले, आपले पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इकडे आले, राज्य करायला आले. मग इंग्रज आले, तेही राज्य करायला. पण राज्य करायला म्हणजे नेमकं काय करायला, हे मला कुणी धड सांगितलं नाही. मला ते वाचायचं आहे."

वर्गातल्या मुलामुलींनी पहिला आठवडा तिला 'आंटी' म्हटलं, दुसऱ्या आठवड्यापासून 'दीदी'. तिच्या नोट्सच्या झेरॉक्स निघायला लागल्या, कारण तिचं अक्षर छापल्यासारखं होतं. 'साम्राज्यवाद आणि सामाजिक न्याय' हा पेपर आनंद सर शिकवत. ते तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होते. या पेपरला एक अट होती. प्रत्येकाने वर्षभर कुठेतरी वस्तीत जाऊन काम करायचं आणि त्यावर प्रबंध लिहायचा. मावशीने जबलपूरच्याच गढा भागातलं मुलांचं वाचनालय निवडलं.

हे वाचनालय म्हणजे एका समाजभवनातली एक खोली, दोन कपाटं आणि एक मोठी सतरंजी. निवृत्त मुख्याध्यापिका सत्यवती दुबे ते चालवत. दर रविवारी दुपारी पंचवीस-तीस मुलं येत. भवनाची देखरेख योगेश नावाचा तिशीतला माणूस करायचा. तो मुलांना चपला रांगेत ठेवायला लावायचा, पाणी भरून ठेवायचा आणि या दोन्ही कामांचा त्याला अभिमान होता.

पहिल्या रविवारी मावशीने मुलांना गोष्ट वाचून दाखवली आणि पाच मिनिटांत निम्मी मुलं खिडकीबाहेर बघायला लागली. ती मला फोनवर म्हणाली, "अगं, मी ती गोष्ट ऑफिस ऑर्डर वाचल्यासारखी वाचली." पुढच्या रविवारी तिने पुस्तक मुलांच्या हातात दिलं. अडलं की थांबायचं, सगळ्यांनी मिळून तो शब्द सोडवायचा. त्यात झरना नावाची अकरा वर्षांची मुलगी पुढे आली. ती हळू वाचायची, पण अर्थ कळल्याशिवाय पान उलटायची नाही. आणि प्रश्न विचारायची. राजाने गावं जिंकली असं वाक्य आलं की ती विचारायची, "गाँववालों से पूछा था?"

"वर्गात आम्हाला हा प्रश्न पडायला पन्नास पानं वाचावी लागतात," मावशी मला सांगायची.

ऑगस्टमधल्या एका रविवारी मावशीचा मोबाइल सापडेना. तिने पिशवी चाचपली, सतरंजी उचलून पाहिली. योगेशने ते बघितलं. टेकडीखालच्या वस्तीतून येणाऱ्या झरनापाशी तो सरळ गेला आणि म्हणाला, "बस्ता खोल."

झरना जागची हलली नाही. योगेशने तिचं दप्तर घेऊन सतरंजीवर उलटं केलं. दोन वह्या, पट्टी, अर्धी पेन्सिल, प्लास्टिकच्या डब्यात ठेवलेली पोळी आणि वाचनालयाचं एक पुस्तक, तिच्याच नावावर घेतलेलं. बाकीची मुलं बघत होती. सत्यवतीजी मागच्या खोलीत होत्या. आणि मावशी तिथेच उभी होती. ती काही बोलली नाही.

मग कुणीतरी तिच्या नंबरवर फोन लावला. तिकडून काकांचा आवाज आला, "अगं, फोन घरीच विसरली ना तू. चार्जिंगला लावलेला."

सगळे हसले. योगेशही हसला. झरनाने एकेक वस्तू दप्तरात भरली, पोळीचा डबा झटकला आणि निघून गेली. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही.

मधल्या सोमवारी वर्गात आनंद सरांनी १८७१चा कायदा शिकवायला घेतला. इंग्रज सरकारने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. त्यांची नावं नोंदवहीत चढवली, त्यांनी ठरल्या वेळी पोलीस ठाण्यात हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, १९५२ साली, तो कायदा गेला. सर म्हणाले, "यादी रद्द झाली. पण ती ज्यांच्या डोक्यात बसली होती, त्यांच्या डोक्यातून गेली का, हा आपला आजचा प्रश्न आहे." सर हे हिंदीत म्हणाले होते. मावशीने मला सांगताना मराठीत सांगितलं, शब्द न शब्द.

मावशी उभी राहिली. वर्गात उभं राहून बोलायची पद्धत आता कुणी पाळत नाही, पण तिची सवय जुनी. तिने रविवारचा सगळा प्रसंग सांगितला. "योगेशने दप्तर उघडलं ते मी थांबवलं नाही," ती म्हणाली. "खरं सांगते, सर. एक क्षण मलाही वाटलं, असेल त्यात. छत्तीस वर्षं मी हजेरीपट सांभाळले. नोंदवहीत एकदा शेरा पडला की माणूस आयुष्यभर त्या शेऱ्याच्या मागे कसा झाकला जातो, हे मी रोज बघितलंय. तरी मला वाटलं."

आनंद सर म्हणाले, "पुढे काय करणार?"

"तिच्या घरी जाणार."

झरनाचं घर गढ्याच्या मागच्या अंगाला, टेकडीच्या पायथ्याशी होतं. आई-वडील मजुरीला गेलेले. आजी दारात तांदूळ निवडत होती. मावशीने ती कोण आणि कशाला आली ते सांगितलं. आजीने बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं.

मावशीने विचारलं, "आप लोग किस समाज से हैं, अम्मा?"

"नाम लेके क्या करोगी?" आजी म्हणाली. "नाम लेते ही लोग जेब टटोलते हैं." म्हणून मीही इथे ते नाव लिहीत नाही.

मग आजीने स्वतःच्या आईच्या लग्नाची गोष्ट सांगितली. मांडवात फेरे चालू होते. चार झाले आणि हजेरीची वेळ झाली. नवरामुलगा अंगावरच्या हळदीसकट उठून ठाण्यात गेला, अंगठा देऊन परत आला, आणि मग उरलेले तीन फेरे झाले. वऱ्हाडी तोवर तसेच बसून होते. आजी हे सांगताना हसली. मावशीला हसता आलं नाही.

झरना आतल्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. मावशी तिला म्हणाली, "बेटा, मुझसे गलती हुई. मुझे उसी समय बोलना था."

झरनाने तिच्याकडे बघितलं. "दीदी, आपका बैग किसी ने क्यों नहीं खोला?"

मावशी पोत्यावरून उठून तिच्यासमोर आली. "इस सवाल का जवाब मैं यहाँ नहीं दूँगी," ती म्हणाली. "जहाँ तेरा बस्ता खुला, वहीं दूँगी. सबके सामने. तू आएगी?"

झरनाने हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

रविवारी ती आली, आजीला घेऊन. मावशीने सत्यवतीजींना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. ती सतरंजीच्या मधोमध उभी राहिली आणि मुलांना म्हणाली की त्या दिवशी फोन तिचा होता, विसरलीही तीच, पण दप्तर झरनाचं उघडलं गेलं. "माझी पिशवी कुणी का उघडली नाही? कारण माझी साडी इस्त्रीची आहे, माझं आडनाव दाणी आहे आणि मी रेल्वेत होते. बस, एवढंच. झरना, मी तुझी माफी मागते." हे सगळं ती हिंदीत बोलली, सावकाश, मुलांना कळेल असं. मग ती म्हणाली की आजपासून या खोलीत कुणाचंही दप्तर कुणी उघडणार नाही, वस्तू हरवली तरी.

योगेशचा चेहरा उतरला. "दीदी, मैंने तो आपके लिए ही किया था."

"मालूम है, योगेश. इसीलिए माफी मैं माँग रही हूँ. तुमको माँगनी है या नहीं, तुम देखो."

योगेश बाहेर गेला. तासाभराने पाण्याचा माठ भरून आला, पेला घेऊन आधी झरनाच्या आजीकडे गेला, आणि मग झरनापाशी उकिडवा बसून हळू आवाजात काहीतरी म्हणाला. काय, ते त्या दोघांनाच ठाऊक. झरनाने मान हलवली आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

मावशीने नंतर त्या जुन्या कायद्यातली कलमं सोप्या हिंदीत उतरवली आणि मुलांना वाचायला दिली. नऊ वर्षांच्या अंकुरने 'जन्म से अपराधी' हे शब्द दोनदा वाचले. "अभी पैदा हुआ बच्चा क्या चुराएगा? दूध?" खोली हसून दणाणली. त्या दिवसापासून कलमं वाचायला मुलं रांग लावू लागली. कायदा इतक्या मजेने वाचलेला सत्यवतीजींनी कधी पाहिला नव्हता.

प्रबंध मावशीने झरनाच्या आजीला वाचून दाखवल्याशिवाय दिला नाही. 'ये लोग थाने में हाजिरी देने जाते थे' असं वाक्य आलं तेव्हा आजीने हात वर केला.

"जाते थे नहीं. जाना पड़ता था. ऐसा लिखो."

मावशीने घरी येऊन सगळा प्रबंध पुन्हा तपासला. तसली वाक्यं सतरा निघाली. तिने सतराही बदलली. काका शेजारी बसून पानं लावून देत होते. "आता काय सगळं पुन्हा टाइप करणार?"

"हो. चुकलं होतं ना."

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, "लेखन चांगलं आहे. पण एका म्हातारीच्या आठवणीवर तुम्ही फार भर दिला आहे. कागदोपत्री पुरावा कुठे आहे?"

"सर, सरकारी कागद मी जोडले आहेत, परिशिष्टात," मावशी म्हणाली. "त्यात किती लोक हजर होते ते आहे. लग्नातून उठून कोण हजर झाला, ते त्यात नाही. आयुष्यभर मी असेच कागद लिहिलेत. त्यात काय येत नाही, ते मला चांगलं माहीत आहे."

परीक्षकांनी आणखी दोन प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली आणि नमस्कार करून बाहेर आली. तिला पहिला वर्ग मिळाला.

आता ती त्रेसष्ट वर्षांची आहे. झरना नववीत आहे. गेल्या जानेवारीपासून टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीतच, अंगणवाडीच्या ओट्यावर, बुधवारचं वाचन सुरू झालंय. ते झरना चालवते. मावशी जाते, पण मागे बसते. लहान मुलं वाचतात, आजी अधूनमधून गोष्टीतल्या राजांना दटावते. मागच्या बुधवारी मीही गेले होते. एक चिमुरडी एका शब्दापाशी अडली. मावशी सांगायला पुढे झुकली, तेव्हा झरनाने हाताने तिला थांबवलं.

"रुकिए, दीदी. वो खुद पढ़ लेगी."

आम्ही सगळे थांबलो. आणि तिने वाचला.