भाट्यातलं मागणं

भाट्याला, खाडीकाठच्या त्या गावात, आम्ही भाड्याने राहत होतो तेव्हाची ही गोष्ट आहे. नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये, मी शहरात एका मेडिकलच्या दुकानात. आमचं मूळ नगरकडचं. तिकडे आमच्या गावात ख्रिस्ती घरांची आख्खी आळी आहे. भाट्यात मात्र आम्ही एकटेच. रविवारी शहरातल्या लहानशा चर्चच्या मंडळीत उपासनेला जायचं आणि रोज सकाळी चहाआधी दोघांनी बसून शास्त्र वाचायचं, प्रार्थना करायची, एवढाच आमचा धर्म लोकांना दिसत होता. खिडकी उघडी असायची. आम्ही काय मागतो ते शेजारी ऐकू जायचं, पण त्यावर कोणी कधी काही बोललं नाही.

शेजारी एक काकी होत्या, मासे विकणाऱ्या. गणपतीत मी त्यांच्याकडे जायचे, आरतीच्या वेळी बाहेर पडवीत बसायचे. मला देण्यासाठी त्या नैवेद्याआधीच चार मोदक वेगळ्या डब्यात काढून ठेवायच्या. देवापुढे ठेवलेलं आम्ही खात नाही, हे मी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी बघून बघून आपणहून ते ठरवलं होतं.

या काकींच्या नातीला ताप आला आणि तो जाईना. औषध आमच्याच दुकानातून जात होतं. एका संध्याकाळी काकी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तू सकाळची बोलतेस ना तुझ्या देवाशी," त्या म्हणाल्या, "तसं आमच्या पोरीसाठी बोल गो."

मी गेले. पोरीच्या कपाळावर हात ठेवला, प्रभू येशूच्या नावाने चार वाक्यांची प्रार्थना केली आणि परत आले. दुसऱ्या दिवशी पोरीने पेज मागितली. डॉक्टरांनी आदल्याच दिवशी औषध बदललं होतं, ते मी काकींना दोनदा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग पाटी डोक्यावर घेऊन त्या बाजाराला गेल्या, आणि दुपारपर्यंत जेटीवरच्या सगळ्या बायकांना कळलं की भाट्याच्या त्या वहिनींच्या हाताला गुण आहे.

मग लोक येऊ लागले. एकीचा खांदा वर होत नव्हता. एकीचा मुलगा मुंबईला जाऊन बसला होता, फोन उचलत नव्हता. मी कोणाला परत पाठवलं नाही. माझ्याकडे कोणी प्रार्थना मागितली तर नाही कसं म्हणायचं? पण प्रत्येकाला सांगायचे की डॉक्टरांकडे जा, औषध सोडू नका, मी कोणी नाही, मी फक्त मागते, देणारा निराळा आहे. ते मान हलवायचे. एखाद्या भगताने आपला मोठेपणा लपवला की लोक जशी मान हलवतात, तशी.

पायरीवर नारळ ठेवलेला सापडला. मी तो काकींकडे दिला, ज्याचा असेल त्याला परत करा म्हटलं. दुसऱ्या दिवशी दोन होते. रस्त्याने जाणारा एक म्हातारा आमच्या घराकडे बघून चप्पल काढून उभा राहिला. एकदा मी दुकानातून परत आले तर एक अनोळखी बाई अंगणाच्या दगडी गडग्याच्या आत वाकून आमच्या पायरीखालची लाल माती कागदात बांधत होती. मला बघितल्यावर ती पुडी पदरात लपवून निघून गेली. नमस्कारही केला नाही. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला भक्ती म्हणता आलं नसतं. ती घाबरली होती.

नवऱ्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "ज्याच्या हातात बरं करणं आहे असं लोकांना वाटतं, त्याच्या हातात वाईट करणंही आहे, असं त्यांना वाटतंच."

आमच्या चर्चचे पाळक वयस्कर आहेत. त्यांनीही आनंद दाखवला नाही. दार उघडं ठेवूनच प्रार्थना करत जा, नवरा घरी असेल तेव्हाच, आणि कोणाच्या डोक्यावर हात ठेवू नकोस, असं त्यांनी बजावलं. जादूटोण्याविरुद्ध कायदाही आहे आणि लोकही आहेत, असं ते म्हणाले. मी तसंच करू लागले.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी समुद्रावर जाऊ लागल्या आणि त्याच सुमारास तो माणूस आला. खाडीच्या काठी राहणारा, स्वतःची बोट असलेला, चाळिशीचा. त्याला मी तोंडओळखीने जाणत होते. त्याच्या धाकट्या भावाने वर्षापूर्वी वेगळी बोट घेतली होती, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं, हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं. नवरा मागीलदारी नळ दुरुस्त करत होता. मी त्या माणसाला पडवीत बसवलं, पाणी दिलं.

तो आधी इकडचं तिकडचं बोलला. नंतर सांगू लागला की त्याची जाळी रिकामी येतात. त्याच समुद्रात, त्याच पट्ट्यात भावाला मासळी लागते आणि याच्या जाळ्यात नुसता कचरा येतो. भावाच्या बायकोने कुठेतरी जाऊन काहीतरी केलं आहे अशी त्याची खात्री होती. मी म्हटलं, तुमच्या बोटीसाठी मागू या, आत्ता मागू या. त्याने नाही म्हणून मान हलवली. खिशातून रुमाल काढला, उलगडला. आत निळ्या जाळ्याचा तळहाताएवढा तुकडा होता.

"हे त्याच्या जाळ्याचं आहे," तो म्हणाला. "तुमच्या देवाला दाखवा. पुढचं त्याला कळतं."

मला समजायला एक क्षण लागला. भावाचं वाईट व्हावं, हे मी मागायचं होतं. त्याचा चेहरा अगदी साधा होता. रागही नव्हता त्यात. पंखा दुरुस्तीला आणावा तसा तो ते घेऊन आला होता.

मी त्याला म्हटलं की मी ज्याच्याकडे मागते तो असलं काही घेत नाही. त्याच्याकडे कोणाच्या विरुद्ध मागता येत नाही. तुम्ही आणि तुमचा भाऊ, दोघांची नावं घेऊन मी आत्ता प्रार्थना करते, हवी तर रोज करते. त्याने रुमालाची पुन्हा नीट घडी घातली.

"म्हणजे त्यांनी तुम्हाला आधीच गाठलं," असं म्हणून तो उठला. पाणी तसंच राहिलं.

त्यानंतर दोन-तीन आठवडे काही घडलं नाही, पण लोकांचं येणं कमी झालं. मला बरं वाटायला हवं होतं. पण मी रस्त्याने निघाले की बोलत बसलेल्या बायका गप्प व्हायच्या आणि मी पुढे गेले की पुन्हा बोलायच्या. काकींची नात अंगणात यायची, तिला आतून हाक यायची. एका सकाळी प्रार्थना करताना मला जाणवलं की खिडकीबाहेर कोणीतरी उभं आहे. आम्ही कोणाचं नाव घेतो ते ऐकायला. त्या दिवसापासून नावं घेताना माझा आवाज आपोआप खाली जाऊ लागला. नवरा म्हणाला, खिडकी लावू का? मी नको म्हटलं. लावली असती तर आत आम्ही काय करतो याची त्यांनी आणखी कल्पना केली असती.

दोघा भावांसाठी मी रोज मागत होते. दोघांची मनं जुळावीत, दोघांच्या बोटी सुखरूप याव्यात.

मग धाकट्याची बोट खाडीच्या तोंडाशी गाळावर चढली. तिथे गाळ साचतो, ओहोटीला बोटी अडकतात, हे भाट्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बोट कलली, जाळं ओढायचा दोर सुटून धाकट्याच्या पायावर आला आणि पाय मोडला. मला दुकानात कळलं. त्याची औषधांची चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाने मला काउंटरमागे पाहिलं आणि न बोलता चिठ्ठी परत खिशात घातली. समोरच्या दुकानात गेला.

दोन दिवसांनी सकाळी मोठा भाऊ आला. हातात भलीमोठी सुरमई, शेपटीला सुतळी बांधलेली. पडवीत चढला नाही. पायरीवर मासा ठेवला आणि हात जोडले.

मी त्याला सांगितलं, मी काही केलेलं नाही, मासा उचला. तो माझ्याकडे बघत नव्हता. "एवढं नको होतं व्हायला," तो हलकेच म्हणाला. "पाय जाईल म्हणतात. मला फक्त त्याची मासळी थांबायला हवी होती." आणि लगबगीने निघून गेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तो आभार मानायला आलेला नव्हता. मी आता भावाला आणखी काही करू नये, हे मागायला आला होता.

मासा नवऱ्याने घरामागच्या परड्यात पुरला. त्या दिवशी आम्ही जेवलो नाही, उपास केला. मला कळत होतं की त्या घरी जायला हवं. नवरा नको म्हणाला. मग म्हणाला, जायचंच तर मी बरोबर येतो. पण बाप्या माणूस घेऊन त्या दारात उभं राहणं मला भांडायला गेल्यासारखं वाटलं. तो वळणापर्यंत आला आणि तिथे थांबला.

धाकट्याची बायको घरापुढच्या खळ्यात सुके मासे उलटत होती. मला बघितल्यावर तिने आधी मुलांना आत ढकललं, दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"पुढे येऊ नका," ती म्हणाली.

मी होते तिथेच थांबले. तिच्या नवऱ्याची तब्येत विचारली. मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याचं वाईट व्हावं असं मी कधी मागितलेलं नाही. रोज त्याच्या भल्यासाठीच मागते."

"आमच्यासाठी मागायला तुम्हाला सांगितलं कोणी?" तिने विचारलं. मी काही बोलायच्या आत तिचा आवाज बदलला. "तुमच्या दारात आमच्या जाळ्याचा तुकडा कोण घेऊन आलं होतं? लोकांनी बघितलंय, रुमालात होता. नाव सांगा. मी तुम्हाला काही करणार नाही."

आतून तिच्या नवऱ्याचं कण्हणं ऐकू येत होतं. खळ्याच्या कडेला मासळी कापायचा कोयता पडलेला होता. तिचा भाऊ घराच्या बाजूला उभा होता हे मला तेव्हा दिसलं. धिप्पाड, हाताची घडी घातलेला. तो ऐकत होता. मी नाव घेतलं असतं तर मी मोकळी झाले असते आणि संध्याकाळपर्यंत त्या खाडीकाठी काय झालं असतं ते सांगता येत नाही. मी मनात प्रभूला म्हटलं, तूच सांग काय बोलू.

मी नाव घेतलं नाही. नुसती उभी राहिले.

"बघा," ती भावाला म्हणाली, "गप्प आहे."

मी परत फिरले. पाठीवर काहीतरी येईल असं वाटत होतं. काही आलं नाही. वळणावर नवऱ्याने विचारलं, बोललीस? मी म्हटलं, नाही.

त्यानंतरचं लवकर उरकलं. घरमालक भला माणूस, तोंड चुकवत आला आणि म्हणाला, मुलीचं लग्न काढलंय, घर लागेल. त्याची मुलगी आठवीत होती. आम्ही वाद घातला नाही. टेम्पो भरताना मदतीला कोणी आलं नाही. फक्त काकी शेवटी मागीलदारी आल्या, माझ्या हातात आंबोशीची, सुकवलेल्या कैरीची, पिशवी दिली आणि म्हणाल्या, "माझंच तोंड गो. मीच बोलले बाजारात." त्या रडत होत्या, पण आवाज न करता, कारण पलीकडच्या घराच्या खिडक्या उघड्या होत्या.

आता आम्ही शहरात राहतो, स्टेशनच्या रस्त्याला. वाडीतलं कधीमधी काकींकडून कळतं. धाकट्याचा पाय वाचला, लंगडतो. त्याने बोट विकली आणि आता तो मोठ्या भावाच्याच बोटीवर जातो. दोघं पुन्हा एका ताटात जेवतात. मोठ्याने त्याला सांगितलं म्हणे की ती बाई तशीच होती, आपल्या दोघांत तिनेच काडी घातली. हे ऐकल्यावर मला आधी फार राग आला. मी भांडी आपटली. दोघा भावांची मनं जुळावीत, हे मीच मागितलं होतं. ते असं मिळेल असं वाटलं नव्हतं. पाळकांना मी विचारलं, याला काय म्हणायचं? ते म्हणाले, मला माहीत नाही. त्यांच्या त्या उत्तराने मला जरा बरं वाटलं.

गेल्या पावसाळ्यात मोठा भाऊ मला रस्त्यात भेटला. स्कूटर बंद करून ती ढकलत तो माझ्याबरोबर चालू लागला. केस पिकलेले, डोळे खोल गेलेले. "तुम्ही तेव्हा बोलला नाहीत," तो म्हणाला.

मी म्हटलं, नाही.

"पुढेही नाही ना बोलणार?"

"बोलायचं असतं तर तेव्हाच बोलले असते."

तो म्हणाला, "रोज बोटीवर तो समोर बसतो. रोज वाटतं, आज त्याला कोणीतरी सांगितलं असेल." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या नजरेत मला ती पायरीखालची माती नेणारी बाई दिसली. मी गप्प राहून त्याला वाचवलं असं मला वाटत होतं. त्याला वाटत होतं की मी त्याच्या मानेवर सुरी धरून बसले आहे.

मी त्याला म्हटलं, तुम्हीच सांगा भावाला. मी बरोबर येते हवं तर. त्याने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही, आणि स्कूटर चालू केली.

अजून अधूनमधून तिन्हीसांजेला एक स्कूटर आमच्या घरासमोर हळू होते, थोडी थांबते आणि पुढे जाते. दोघांची नावं मी रोज घेतेच. नवऱ्याने फाटकाला कुलूप आणलं आहे. मी घरी असताना ते लावू देत नाही, त्यावरून आमचं अजून वाजतं.