वाण म्हणून आलेला वेल

आमच्या घराचा पत्ता सांगताना आता कुणी गल्लीचा नंबर सांगत नाही. रिक्षावाल्याला, गॅसच्या गाडीवाल्याला, पार्सल आणणाऱ्यांना सगळे सांगतात, "ते गुलाबी वेलाचं घर." नांदेडात एवढी घरं, पण जाणारे-येणारे आमच्याच फाटकाशी थांबून मोबाईलवर फोटो काढतात. एकदा नवीन लग्न झालेलं जोडपं आलं आणि मला म्हणालं, "काकू, जरा बाजूला होता का?" फाटक माझं, हातात झाडू माझा, आणि मी बाजूला झाले. बाजूला होणं मला जमतं. बोलणं जमत नाही, म्हणून हे लिहून ठेवते.

लोकांना फुलं दिसतात. मला त्या फुलांखाली काय आहे ते ठाऊक आहे. त्याच्याखाली माझा शेवगा आहे. म्हणजे होता. शेवग्याचं लाकूड ठिसूळ. वेल वर चढला, पसरला, आणि एका दुपारी वाऱ्याचं निमित्त होऊन निम्मं झाड अंगणात येऊन पडलं. त्याच्या शेजारी वालाचा मांडव होता. तो कधी झाकून गेला ते मला कळलंसुद्धा नाही. शेंगा तोडायला गेले तर हाताला नुसता गुलाबी फुलांचा झुपका लागला.

हा वेल मी आणला नाही. तो वाण म्हणून आला.

माझी थोरली जाऊ लातूरला राहते. आम्ही तिला आक्का म्हणतो. पूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाटी, कंगवा, प्लास्टिकचा डबा असं काहीतरी वाण देत. आता रोप द्यायची पद्धत निघाली आहे. तीन वर्षांमागे आक्काने मला रिबीन बांधलेल्या कुंडीत हा वेल दिला. म्हणाली, "नर्सरीवाला याला आइस्क्रीम वेल म्हणतो. पाणी लागत न्हाई, खत लागत न्हाई. तुला काही करायचंच न्हाई बघ." वाण टाकून देऊ नये असं आमच्या आईने शिकवलेलं. मी तो शेवग्याच्या बुडाशी लावला. पहिल्या वर्षी मीही खूष होते, खोटं कशाला बोलू. मधमाश्या यायच्या, सकाळी दार उघडलं की बरं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी तो भिंत ओलांडून आपाकडे गेला. आपा म्हणजे आमची शेजारीण. तिच्या मालकाचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि घरचा कूलर आमच्या भिंतीकडच्या खिडकीत बसवलेला आहे. उन्हाळा लागला, त्यांनी बटण दाबलं, तर पंखा फिरेना. आत वेलाची वेणी घातलेली. आपा भिंतीपाशी आली आणि मला हाक मारून म्हणाली, "भाभी, तुम्ही इतक्या वर्षांत एकदा चहाला आल्या न्हाई. तुमची वेल मात्र बगैर इजाजत रोज येऊन राहिली."

मला हसू आलं आणि शरमही वाटली. "काढते ना आपा," म्हणाले.

"काढा बाई. दुसऱ्यांचे कूलर दुरुस्त करणाऱ्याच्या घरात आम्ही घामाने मरून राहिलो. लोक काय म्हणतील?"

तोडायला लागले तर घरधनी ओरडले, "लोक पैसे देऊन लावतात आन् तू तोडून राहिली? तुझ्या हाताला गुण हाय म्हणून एवढा वाढला."

हे हाताच्या गुणाचं ऐकलं की माझं डोकं फिरतं. माझ्या हाताला गुण असता तर वाल जगला असता. ज्याला पाणी नको, माती नको, सावली नको, त्याला वाढवायला हात कशाला लागतो?

तरी मी तोडला. सगळा उन्हाळा कुदळ घेऊन बुडाशी खणलं. खाली रताळ्यासारख्या गाठी. एक काढली की तिच्याखाली तीन. तीन घमेली भरून मी त्या मागच्या खताच्या खड्ड्यात टाकल्या, कुजून खत होईल म्हणून. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण खत कसं होतं ते मला येतं. या वेलाला मात्र कुजणं ठाऊक नाही. आषाढात खड्ड्यातून वेल, खणलेल्या जागी वेल, घमेल्यातून जिथे जिथे तुकडा सांडला तिथे वेल. आधी एका जागी होता, आता अकरा जागी झाला. शेवगा त्याच पावसाळ्यात पडला.

आणि मग मागच्या पौषात आक्काचा फोन आला. "तुझ्याकडे वेलाखाली रोपं लई उगवलीत म्हणे. औंदा माझ्या हळदीकुंकवाला तीच वाण म्हणून देते. तीसेक रोपं करून आण. विकत आणायची गरज न्हाई."

मी म्हणाले, "आक्का, ते बरं न्हाई."

"का गं? मी तुला दिलं ते बरं नव्हतं का?"

इथे मी गप्प बसले. या एका प्रश्नापुढे गप्प बसले याचा मला अजून राग येतो. घरधनी म्हणाले, "मोठी जाऊ मागून राहिली, देऊन टाक. आपल्याकडे काय कमी हाय?" कमी नव्हतीच. वेलाखाली रोपांचा गालिचा पसरला होता. माझ्याच हाताने मी ती उपटली, चहाच्या कागदी पेल्यांत लावली, अर्धापूरच्या केळीच्या रिकाम्या खोक्यात बसवली आणि लातूरच्या एसटीत चढले.

कंडक्टर म्हणाला, "मावशी, नर्सरीच घेऊन निघाल्या का?" शेजारच्या सीटवरच्या बाईने एक रोप मागितलं. मी म्हणाले, "लई पाणी लागतं याला, मरून जाईल." धडधडीत खोटं. पण ते बोलल्यावर मला जरा बरं वाटलं. त्या एका बाईचं अंगण तरी सुटलं. मग खोक्याकडे बघितलं, तर ते भरलेलंच होतं.

आक्काच्या गल्लीत उन्हाळ्यात टँकरने पाणी येतं. तिथल्या बायकांची कष्टाने जगवलेली दोन-चार झाडं असतात. धुण्याचं, भांड्यांचं पाणी राखून ठेवून त्यांना घालतात. अशा अंगणांत हा वेल जाणार होता, तोही माझ्या हातून. आक्का हळदीकुंकू लावत होती, तीळगूळ देत होती, आणि तिच्या शेजारी उभं राहून वाण द्यायचं काम माझं. पहिल्या तिघींना दिलं. मान खाली, तोंड बंद. तिघींना पुढे अजून दोन घरी हळदीकुंकवाला जायचं होतं, त्या लगेच निघून गेल्या.

चौथी बाई तरणी होती, कडेवर लेकरू. पेला हातात घेऊन म्हणाली, "किती गोड हाय! आमच्या दारात लिंबाचं एकच झाड हाय, त्याच्यावरच सोडते."

"नका सोडू," मी म्हणाले. "मरंल लिंब."

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. आक्काच्या हातातला कुंकवाचा करंडा तसाच राहिला.

"अगं, वाण देताना मरायचं काय बोलतीस? सणाचा दिवस हाय!"

"मग कधी बोलू, आक्का? घेऊन गेल्यावर?" मी म्हणाले. एकदा तोंड उघडल्यावर मला ते मिटता येईना. शेवगा सांगितला, वाल सांगितला, खताचा खड्डा सांगितला, आपाचा कूलरसुद्धा सांगितला. कूलर ऐकून बायका हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "ही बाई वाण देती का पोलिसात तक्रार देती?" पुन्हा हशा झाला. पण त्या तरण्या बाईने पेला परत खोक्यात ठेवला. तिच्या मागच्या चौघींनीही हात पुढे केला नाही. आक्का त्यांना म्हणत राहिली, "कुंडीत लावलं तर काही होत न्हाई हो." कुणी मोबाईलमध्ये रोपाचा फोटो काढला आणि पेला घेतला नाही. मला वाटलं, असे फोटो कितीही काढा.

बाकीच्यांना आक्काने आतून स्टीलच्या वाट्या आणून दिल्या. त्या कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून द्यायच्या होत्या. पाहुण्या गेल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "मी चांगल्या मनाने दिलं होतं तुला." मी म्हणाले, "मला माहिती हाय." हे खरंच होतं, म्हणून तर इतके दिवस बोलले नाही.

रात्री मी सगळी रोपं मुळासकट चिरडली आणि आक्काच्या पाणी तापवायच्या बंबात घातली. पण पहिल्या तिघी रोपं घेऊन गेलेल्याच होत्या. सकाळी मी पदर नीट केला आणि विचारत विचारत त्यांच्या घरी गेले. दिलेलं वाण परत मागायला गेलेली बाई मी आजवर ऐकली नाही. पहिलीने लगेच आणून दिलं. दुसरी म्हणाली, "बरं झालं, आमच्या शेळीनं अर्धं खाल्लंच होतं." राहिलेलं तिने माझ्या पिशवीत टाकलं.

तिसरीने फाटकाजवळ जमिनीत लावून वर भांड्याचं पाणीही घातलं होतं. शेजारी जास्वंद उभी. मी वाकून हात लावला तर ती बाई दारातून कडाडली, "दिलेलं वाण परत नेतात का कुठं? संक्रांतीचं? हात काढा!"

मी हात काढला. समजावून सांगितलं, ती ऐकायला तयार नव्हती. म्हणाली, "तुमच्या दारात एवढं फुललंय म्हणतात, आमच्या दारात फुललेलं बघवत न्हाई होय?"

या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही. मी तिथून सरळ एसटी स्टँडवर आले. घरी आल्यापासून रोज थोडं थोडं खणते आहे, आणि आपा भिंतीवरून चहा देते. आक्का माझा फोन उचलत नाही. त्या बाईच्या फाटकाशी आता काय झालं असेल, जास्वंद आहे की गेली, हे विचारायला लातुरात मला दुसरं कुणी नाही.