बाबांची माती

बाबा गेले तेव्हा मी पडघ्याच्या गोदामात गाडी भरून घेत होतो. फोन आला, ऐकला, आणि उरलेले खोके आधी गाडीत चढवले. डिस्पॅचच्या माणसाला ही सवयच लागते. रडू आलं नाही. नंतरही आलं नाही.

आई-बाबांनी उतारवयात बाप्तिस्मा घेतला होता. भिवंडीत एका लूमच्या शेडवर हॉल आहे, तिथे दर रविवारी पंचवीस-तीस माणसं प्रार्थनेला जमतात. खाली लूम चालूच असतात. मी बाप्तिस्मा घेतला नव्हता. त्यांना रिक्षाने सोडायचो आणि खाली चहा पीत बसायचो. बाबांचं एकच मागणं होतं, "मला जाळू नका, माती द्या. तुझी आई पन तिथंच येईल." मी हो म्हटलं होतं.

बाबा गेले त्या दिवशी आई ठाण्याला हॉस्पिटलात होती, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. शेलार गावातल्या आमच्या घरी मी एकटा आणि अंगणात सगळी भावकी. मोठ्या काकांनी सरळ विचारलं, "तुझ्या बापानं बाप्तिस्मा घेतला व्हता का? घेतला असंल तर आमी मधी पडनार न्हाय. तुमची लोकं बोलव."

एवढं सोपं होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला पोरीचं लग्न याच भावकीत बसून जमवायचं होतं. "न्हाय," मी म्हणालो. "नुसते भजनाला जायचे." संध्याकाळच्या आत चितेपर्यंतचं सगळं उरकलं.

आईला सांगितलं, काकांनी ऐकलंच नाही. तिने ते खरं धरलं आणि वर्षभर काकांचं तोंड पाहिलं नाही. मला त्याचंही काही वाटेना. तिची औषधं आणत होतो, पाय चेपत होतो, ड्युटीला जात होतो. चांगला मुलगा म्हणून माझं गावात नाव झालं.

आईच्या प्रार्थनेच्या लोकांत एक पद्धत आहे. मनात कुणाबद्दल अढी असेल तर आधी जाऊन ती मिटवायची, मगच प्रार्थनेत वाटतात ती प्रभुभोजनाची भाकर घ्यायची. आई वर्षभर भाकरीला हात न लावता परत येत होती. शेवटी एका शनिवारी काठी टेकत काकांकडे गेली, माफ केलं म्हणून सांगायला. काका गोंधळले. कसली माफी, म्हणाले, आमी तर विचारलं व्हतं, तुझाच पोरगा न्हाय बोलला.

हे तिनेच मला सांगितलं, भाजी निवडत. मी दारात उभा होतो. असं कधी झालं तर पायाखालची जमीन सरकेल, असं वाटलं होतं. काही सरकलं नाही. तीन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही, भाकरही घेतली नाही. चौथ्या रविवारी निघताना म्हणाली, "तुला माफ केलं मी. लई जड गेलं. पन मला प्रभूनं किती माफ केलंय ते माझं मला ठाव. चल, उशीर व्हतोय." मी रिक्षा बोलावली. खरं सांगतो, तेव्हाही आत काही हललं नाही. माफी ही नुसती बोलायची गोष्ट, असंच मला वाटत होतं.

त्या दिवशी तिने भाकर घेतली. मग मला वर बोलावून घेतलं. पाळकांसमोर, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांसमोर, एक कागद होता. पुढे भांडण नको म्हणून तिथली म्हातारी माणसं आपल्या अंत्यविधीबद्दल असं लिहून ठेवतात. माती द्यावी, असं लिहून झालं होतं, आईचा अंगठाही उठला होता. जबाबदार माणसाची जागा तेवढी रिकामी होती. पाळक हळूच म्हणाले, "मावशी, मंडळीतल्या कुणाचं नाव घालू या का?"

"मंडळी कशाला? माझा पोरगा हाय की," आई म्हणाली, आणि पेन माझ्या हातात दिलं.

मी सही केली. वेडीवाकडी आली. तोवर आईचं मरण म्हणजे मला पुढे कधीतरी उरकायचं एक काम होतं. तिथे उभ्या उभ्या पहिल्यांदा वाटलं, ही मरायला नको. कधीच नको. जिना उतरताना मी तिचा दंड इतका घट्ट धरला की ती म्हणाली, "आरं, दुखतंय. सोड की."

मी सोडला नाही.