मादीला मी पिलू समजले

नदी सुरय मासा पकडतानाचा एक फोटो मला हवा होता, एवढंच या सहलीचं कारण. समुद्रावरच्या सुरयांचा हा नदीतला भाऊबंद: पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली शेपटी. मार्चमधल्या एका रविवारी सकाळी सहाला यांनी गाडी काढली. "पक्ष्यांपायी मला उपाशी मारू नकोस," एवढीच यांची अट.

जळगावहून धरणगाव, अमळनेर करत शिंदखेडा तालुक्यात तापीकाठी पोचायला अडीच तास लागले. रस्ता बरा आहे, फक्त शेवटच्या चार किलोमीटरांत गाडीची हाडं खिळखिळी होतात. अमळनेरात पोहे खाल्ले. नदीकाठच्या गावात दुपारी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी मिळते, पण आधी सांगून ठेवावं लागतं. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. का ते पुढे कळेल.

होडीवाले नाना सत्तरीचे. तीनशे रुपयांत दोन तास फिरवतात. पात्राच्या मधोमध रेतीचा उंचवटा आणि त्यावर वीस-पंचवीस सुरय. एक जण सूर मारून मासा काढायचा आणि रेतीवर उतरायचा. तिथे दुसरा पंख थरथरवत, चिरक्या आवाजात मागायचा आणि मासा आयता गिळायचा. मी भराभर फोटो काढले.

"पाहिलंत? एवढं घोडं झालंय, तरी पिलू आईकडून भरवून घेतंय," मी म्हणाले.

"आपल्या चिरंजीवांसारखं," हे म्हणाले.

पिलं एवढी मोठी, म्हणजे अंड्यांचा हंगाम सरला, असं मी ठरवून टाकलं. नानांना होडी रेतीला लावायला सांगितली.

नानांनी वल्हं थांबवलं. "ताई, आखाजीलोंग आम्ही तठे पाय नही ठेवतस."

आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, अजून बराच अवकाश होता. मला वाटलं, असेल काही देवाधर्माचं. "नाना, मी पंचवीस वर्षं जीवशास्त्र शिकवते. पिलं उडायला लागलीत. काही होत नाही."

"तुम्ही शिकेल-सवरेल शेतस," ते म्हणाले, आणि होडी लावली.

मी दहा पावलं गेले असेन, डोळा कॅमेऱ्याला लावून. सगळे पक्षी एकदम उठले आणि डोक्यावर कालवा करू लागले. चपलेखाली काहीतरी मोडलं. पाहते तर रेतीच्याच रंगाची ठिपकेदार तीन अंडी, त्यातली दोन फुटलेली. पिवळा बलक माझ्या अंगठ्याला लागला होता. पुढे तसेच आणखी खळगे, आणि त्यांतही अंडी.

नाना होडीतूनच म्हणाले, "ते पिलू नही, मादी शे. अंडा देवाना येळले ती बुडी मारस नही. नर मासा धरस आणि तिले खावाडस."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इचारंच नही."

मला त्यांचाच राग आला, आणि मग त्या रागाची लाज वाटली. त्यांना बोलायला मी जागाच ठेवली नव्हती. आम्ही लगेच माघारी वळलो, पण काठावर पोचेपर्यंत कावळे रेतीवर उतरले होते. यांनी जेवणाचं नावसुद्धा काढलं नाही.

फोटो सुरेख आलाय. मासा दोन्ही चोचींत आहे, पाण्याचा थेंबही दिसतो. तो मी इथे टाकलेला नाही. कुठल्याही नदीवर सुरय पाहायला जाणार असाल तर मार्च ते मे काठावरूनच दुर्बिणीने पाहा, आणि होडीवाल्याला आधी विचारा.

आठ दिवसांनी मी नानांना फोन केला. वाटलं होतं, पक्षी परतले असतील.

"बठ्ठा उडी गयात, ताई. आते तठे कोनी नही," ते म्हणाले. वर तेच माझी समजूत घालू लागले: "मनले लाई लेवू नका. तुम्हले काय माहीत व्हतं!"

अगदी मायेनं म्हणाले. टोमणा मारला असता तर सोसला असता.