बाजारादिवशी गप पडणारं कुत्रं
फडताळ आवरताना बायकोच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलं, अन् नगरच्या दवाखान्यातला फिनेलचा वास पुन्हा नाकात शिरला. तिला पांढरी कावीळ, म्हंजी डॉक्टर हिपॅटायटीस बी म्हणतात ती, होती. गोळी बहुतेक जन्मभर खायची म्हटल्यावर ती डॉक्टरीणबाईंवर खेकसली, "रोग मुळातनं जात न्हाई, मग कशाला गिळू?" मला धास्ती, ही आता उठून चालती होणार. बाई म्हणाल्या, "आजी, अंगात टी-पेशी म्हणून राखणदार असतात. विषाणू सतत ढिगानं समोर असले की ते थकून गप होतात. गोळीनं गर्दी कमी झाली, तर त्यांच्यात पुन्हा जरा दम येतो." ही हसलीच. "म्हंजी आमच्या कुत्र्यावानी! काष्टीच्या बाजारादिवशी दारावरनं एवढी माणसं जात्यात, की भुंकून भुंकून ते आडवं पडतं. एरवी एकटा दिसला तरी धोतर फाडतं. ह्यांचं तर घरचं असून फाडलंय!" गोळी तिनं तिथंच गिळली, अन् पुढं काही वर्षं बरी राहिली. ती गेली तेव्हा दहाव्यापर्यंत दारात माणसंच माणसं, कुत्रं गप पडून. आता कुणी फिरकत न्हाई. नुसता दूधवाला आला तरी ते जीव तोडून भुंकतं, अन् मी त्याला हाड म्हणत न्हाई.