वाळवंटी नाकतोड्याचं बारसं

सरकारी कचेरीत किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. आमच्या भोपाळच्या टी. टी. नगरमधल्या कीटक विभागात तर किडे कमी आणि किस्सेच जास्त! हे फक्त एका नाकतोड्याचे.

*

हा नाकतोडा जोगळेकरचा. जोगळेकर आमचा असिस्टंट. नागपूरला असताना रजा टाकून मारवाडच्या वाळवंटात गेला आणि खुरट्या झुडपातून एक नर, एक मादी घेऊन आला. जात नवी, अशी त्याची खात्री. तिच्या शोधनिबंधावर लेखक म्हणून आपलं नाव लागावं, एवढंच त्याला हवं होतं.

तेवढ्यात राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात भोपाळला, आणि दोन राज्यांत सामानाची वाटणी सुरू. किड्यांची पाळी आली तेव्हा आमचे हेडक्लार्क नेने म्हणाले, "जोडी आहे ना? मग नर मुंबई राज्याला, मादी आपल्याला!"

धन्य ती अक्कल!

*

नाकतोड्याची जात ठरते ती नराच्या शेपटाकडचे आकड्यांसारखे अवयव बघून. जोगळेकर रडकुंडीला येऊन साहेबांकडे गेला. साहेब कीटक विभागाचे प्रमुख. आयुष्यात त्यांनी बिनचूक ओळखलेला किडा एकच, ढेकूण.

"नर नाही? मग स्टोअरमधला दुसरा कुठला तरी लाव की. टेम्पररी!"

*

जोगळेकरने मुंबईला पत्रांवर पत्रं लिहिली. शेवटी उत्तर आलं, "मादी सदर नराचीच असल्याचा दाखला जोडावा."

पठ्ठ्याने स्वतःच्या सहीने तोही दिला!

*

नर पार्सलने आला. डिस्पॅचच्या रशीदमियाँनी डबीवर धाडकन शिक्का हाणला. जोगळेकर किंचाळला.

"को खां, कीड़ा ही तो है!" रशीदमियाँ अस्सल भोपाळी थाटात म्हणाले.

मिशा गेल्या, दोन पाय गेले. नशीब, शेपूट वाचलं. जात खरंच नवी निघाली.

*

निबंध टाइप झाला. साहेबांनी जोगळेकरचं नाव खोडून तिथे स्वतःचं घातलं. बिनदिक्कत! आमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जोगळेकर मात्र शांत.

"सर, छोटी अडचण आहे. किड्याला तुमचं नाव द्यायचं ठरवलं होतं मी. पण आपल्याच निबंधात किड्याला आपलंच नाव देत नाहीत. तशी रीत नाही."

 साहेबांनीच पेन उघडलं, स्वतःचं नाव खोडलं आणि जोगळेकरचं लिहिलं. स्पेलिंगसुद्धा विचारून घेतलं.

*

वार्षिक सभेला साहेब सहकुटुंब पहिल्या रांगेत. जोगळेकरने किड्याचं नाव जाहीर केलं. टाळ्या! मग पाहुण्यांसाठी त्याने सोप्या भाषेत वर्णन वाचलं.

"डोकं लहान. पोट मोठं. पंख आहेत, पण उडता येत नाही. आवाज मात्र फार."

मागच्या रांगांत रुमाल तोंडाला गेले. साहेब उठले, जोगळेकरच्या पाठीवर थाप मारली आणि ते पान मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते फ्रेम करून त्यांनी स्वतःच्या खुर्चीमागे टांगलं.